ख्रिस्ताच्या पुतळ्यामागचं जंगल: रिओचं तिजुका बघायला जाण्याआधी

रिओला जाऊन आले म्हटलं की सगळे पहिला प्रश्न एकच विचारतात, तो हात पसरलेला पुतळा बघितलास का. बघितला, सुंदर आहे, पण फोटो दाखवताना माझं बोट दरवेळी पुतळ्याच्या मागे जातं, त्या हिरव्या डोंगरांवर. कारण त्यातला बराचसा भाग पावणेदोनशे वर्षांपूर्वी उघडाबोडका होता. जंगल तोडून कॉफी लावली, कॉफीने जमीन संपवली, शहराचं पाणी आटलं, आणि मग सरकारने मळेवाल्यांकडून जमीन परत घेऊन तिथे पुन्हा जंगल उभं करायला घेतलं. आज तिथे उभं राहिलं तर वाटतं हे असंच होतं, कायमचंच. मी सावंतवाडीकडची, रान बघतच मोठी झाले, मलाही आधी सांगितलं नसतं तर कळलं नसतं.

ते जंगल कसं झालं हे जरा सावकाश सांगते, कारण ते माहीत असेल तर तिथल्या वाटेवरून चालताना वेगळंच दिसायला लागतं.

आधी जागा कुठे ते. तिजुका राष्ट्रीय उद्यान म्हणजे रिओ द जानेरो शहराच्या अगदी मधोमध असलेले डोंगर. तिकडची माणसं नाव साधारण 'चिझूका' असं उच्चारतात. क्षेत्रफळ ३९ चौरस किलोमीटरच्या थोडं वर. सगळ्यात उंच शिखर तिजुकाचंच, साधारण १०२० मीटर, आणि पुतळा आहे तो कोर्कोवादो नावाचा सुळका त्याहून बराच बुटका, ७०० मीटरच्या आसपास, पण तोसुद्धा याच उद्यानात येतो. 'जगातलं सगळ्यात मोठं शहरी जंगल' असं बऱ्याच ठिकाणी लिहिलेलं असतं, ते काही बरोबर नाही. आपलं बोरिवलीचं संजय गांधी उद्यानच १०० चौरस किलोमीटरच्या वर आहे, आणि खुद्द रिओतलं पेद्रा ब्रांका तिजुकापेक्षा कितीतरी मोठं आहे. तिजुकाचं मोठेपण आकारात नाही, ते परत आलेलं जंगल आहे यात आहे.

हे जंगल ज्या पट्ट्यातलं आहे त्याला अटलांटिक वन म्हणतात, पोर्तुगीजमधे माता अत्लांतिका. ॲमेझॉन वेगळं, ते तिथून हजारो किलोमीटर लांब. अटलांटिक वन ब्राझीलच्या किनाऱ्याला लागून असलेल्या डोंगरांवरचं, म्हणजे आपल्या सह्याद्रीसारखंच समुद्रावरून येणारं बाष्प डोंगराला अडतं आणि पाऊस पडतो. फरक एवढाच की आपल्याकडे सगळा पाऊस चार महिन्यात कोसळतो आणि मग आठ महिने जमीन वाट बघते, तिकडे पाऊस वर्षभर थोडा थोडा येत राहतो, डिसेंबर ते मार्च जास्त, जून ते ऑगस्ट कमी. डोंगरावर वर्षाला २००० मिलिमीटरच्या वर पडतो, खाली शहरात त्याच्या साधारण निम्माच. आंबोलीच्या माणसाला हा आकडा काहीच वाटणार नाही, पण बारा महिन्यांत वाटून पडल्यामुळे तिथलं रान कधी वाळतच नाही.

आता कॉफी. ब्राझीलमधे कॉफी अठराव्या शतकात आली, रिओच्या आसपास १७६० च्या सुमाराला. १८०८ साली नेपोलियनच्या भीतीने पोर्तुगालचा सगळा राजदरबार जहाजात बसून रिओला आला आणि गाव एकदम सगळ्या पोर्तुगीज साम्राज्याची राजधानी झालं, माणसं वाढली, बांधकामं वाढली, लाकूड लागायला लागलं, कोळसा लागायला लागला. त्यात कॉफीला भाव. तिजुकाच्या उतारांवर मळे झाले, त्यातले बरेच फ्रान्समधून आलेल्या लोकांचे, आणि राबायला आफ्रिकेतून पकडून आणलेले गुलाम. पद्धत अशी की जंगल तोडायचं, जाळायचं, आणि उतारावर कॉफीच्या ओळी लावायच्या. जंगलाची साठलेली माती पहिली काही वर्षं भरपूर पीक देते, मग पावसाने ती वाहून जाते, झाडं म्हातारी होतात, आणि मळेवाला पुढचा डोंगर बघतो. कॉफी पुढे पाराइबा नदीच्या खोऱ्यात सरकली आणि रिओच्या डोक्यावर राहिले धुपलेले उतार.

पण रिओ पाणी कुठून प्यायचं? याच डोंगरातून. कारिओका नावाची छोटी नदी कोर्कोवादोच्या बाजूने उतरते, तिचं पाणी दगडी कमानींच्या पुलावरून शहरात आणलेलं होतं, त्या पांढऱ्या कमानी लापा भागात अजून उभ्या आहेत, अठराव्या शतकातल्या. रिओच्या माणसाला कारिओका म्हणतात तेच हे नाव. दुसरी नदी माराकाना, जिच्यावरून फुटबॉलच्या स्टेडियमला नाव पडलं, तीही तिजुकातच उगम पावते. जंगल गेलं तसे हे सगळे झरे कमी पावसाच्या महिन्यांतच काय, एरवीही जरा पाऊस लांबला तरी आटायला लागले, आणि १८४० च्या दशकात पाण्याची इतकी मोठी ओढ झाली की सरकारला जमिनी परत घ्यायचा विचार करावाच लागला.

इथे थोडं थांबून जंगल आणि पाणी यांचं नातं सांगते, कारण आपण शाळेत 'झाडं पाऊस आणतात' एवढंच शिकतो आणि ते अर्धवट आहे. झाड स्वतः पाणी पितं, भरपूर पितं. एखाद्या डोंगरावरची सगळी झाडं तोडली तर पावसानंतर ओढ्याला उलट जास्त पाणी येतं. पण ते येतं एकदम, लालभडक, माती घेऊन, दोन तासात समुद्रात. आणि मग पुढे पंधरा दिवस काही नाही. जंगल असलं की पावसाचा थेंब आधी वरच्या पानावर पडतो, तिथून खालच्या, तिथून झुडपावर, आणि जमिनीवर पोचेपर्यंत त्याचा जोर गेलेला असतो. खाली पालापाचोळ्याची गादी, तिच्याखाली मुळांनी, गांडुळांनी, मुंग्यांनी, कुजलेल्या मुळांच्या पोकळ्यांनी भोकं भोकं पडलेली माती. पाणी वाहण्याऐवजी आत मुरतं. मग ते खडकाच्या भेगांमधून सावकाश सरकत कुठेतरी खाली झरा होऊन बाहेर येतं, आठवड्यांनी, कधी महिन्यांनी. म्हणजे जंगलामुळे एकूण पाणी वाढेलच असं नाही, पण पाणी हवं तेव्हा आणि स्वच्छ मिळतं. शहराला तेच लागतं. वर्षाचं एकूण पाणी कागदावर कितीही असो, आज माठात आहे का हा प्रश्न असतो.

कॉफीच्या मळ्यात यातलं काहीच होत नाही. ओळींच्या मधली जमीन झाडून पुसून स्वच्छ, पाचोळा नाही, उतारावर ओळी वरून खाली गेलेल्या, म्हणजे प्रत्येक ओळ पाण्यासाठी एक पन्हाळ. आमच्याकडे काजूच्या बागेत गवत काढून खराटा मारतात बी वेचायला सोपं जावं म्हणून, त्या बागेतली जमीन जूनच्या पहिल्या पावसात कशी वाहते हे ज्याने बघितलंय त्याला जास्त सांगायला नको.

गंमत म्हणजे त्याच सुमाराला मुंबईलाही पाण्याची तीच अडचण होती. मुंबईने उत्तर काढलं विहार तलाव, तो १८६० मधे पुरा झाला. रिओने उत्तर काढलं झाडं. ११ डिसेंबर १८६१ ला बादशहा दुसऱ्या पेद्रोच्या सरकारने तिजुका आणि पाइनेरास ही दोन जंगलं राखायचा आणि लावायचा हुकूम काढला. विहारच्या पाणलोटातलं जंगल पुढे टिकलं ते बऱ्याच अंशी तलावाचं पाणी राखायचं म्हणून, म्हणजे दोन शहरं उलट्या दिशांनी निघून एकाच जागी पोचली असं मला वाटतं, एकाने तलावासाठी जंगल ठेवलं आणि एकाने झऱ्यांसाठी जंगल लावलं.

तिजुकाचं काम दिलं मेजर मानुएल गोमेस आर्शेर या माणसाला. हा काही शिकलेला वनस्पतीशास्त्रज्ञ नव्हता, जमीनदार होता, पण झाडं लावण्याचा हातचा अनुभव होता. जानेवारी १८६२ मधे लागवड सुरू झाली. आणि सुरुवातीला त्याच्या हाताखाली होते सहा गुलाम. त्यांची नावं नोंदलेली आहेत म्हणून लिहिते: एलेउतेरिओ, कोन्स्तांतिनो, मानुएल, मातेउस, लेओपोल्दो आणि मारिया. आडनावं नाहीत कारण गुलामाला आडनाव ठेवत नसत. नंतर मजुरीवर माणसं आली, पण जंगलाची सुरुवात या सहा जणांनी केली, पाठीवर रोपं घेऊन उतार चढून. ब्राझीलमध्ये गुलामगिरी कायद्याने संपली १८८८ ला, म्हणजे त्यानंतर २६ वर्षांनी. ज्या डोंगरावर कॉफीसाठी गुलामांकडून जंगल तोडून घेतलं तिथेच जंगल लावूनही गुलामांकडूनच घेतलं, हे मला त्या वाटेवरून चालताना सारखं आठवत होतं आणि तुम्ही गेलात तर तुम्हालाही आठवावं असं मनापासून वाटतं, कारण जंगल बादशहाने लावलं असं सगळे सहज बोलून जातात.

आर्शेर तिथे १८७४ पर्यंत होता. त्या १२-१३ वर्षांत लावलेली झाडं साधारण १ लाखाच्या आसपास सांगतात. ऐकायला खूप वाटतं ना? आता हिशोब करा. उद्यान ३९ चौरस किलोमीटर म्हणजे ३९०० हेक्टर. १ लाख झाडं भागिले ३९०० हेक्टर, हेक्टरला पंचवीस-सव्वीस झाडं. काजूची कलमं सात-सात मीटरवर लावली तर हेक्टरला २०० बसतात! म्हणजे सगळीकडे वाटून लावली असती तर बागेपेक्षाही विरळ झाली असती, आणि लावलेली सगळी जगत नाहीत ते वेगळंच. मग एवढं दाट रान आलं कुठून?

हाच सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा आहे. बाकीचं जंगल आपोआप आलं. लागवड झाली काही भागात, पण जमीन सगळी राखली गेली. कॉफीच्या काळातसुद्धा अगदी उभ्या कड्यांवर, घळींमधे, शिखरांच्या डोक्यावर, जिथे कॉफी लावून परवडत नव्हती तिथे जुन्या जंगलाचे तुकडे शिल्लक होते. ते तुकडे म्हणजे बियांची कोठारं. आपल्याकडे देवराई जसं काम करते तसं. आर्शेरनेही रोपं आणली ती बरीचशी आसपासच्या जंगलातून उचललेली आणि ग्वारातिबा इथल्या त्याच्या स्वतःच्या शेतातून, म्हणजे त्याच मातीतली, त्याच पावसातली.

आणि मग क्रम लागतो. जंगल एकदम येत नाही, पाळीपाळीने येतं. मोकळ्या जमिनीवर आधी येतात ऊन खाणारी, भराभर वाढणारी, थोडंच आयुष्य असलेली झाडं. तिकडे त्यातलं सगळ्यात ओळखू येणारं म्हणजे एंबाउबा, हाताच्या पंजासारखी मोठी पानं, खालून रुपेरी, लांबून डोंगरावर पांढरे ठिपके दिसतात ते हेच. याचं खोड आतून पोकळ असतं आणि त्यात मुंग्या राहतात, झाड त्यांना घर आणि खाऊ देतं, त्या झाडाला खाणाऱ्या किड्यांना हाकलतात. आपल्याकडे जंगल मोडलं की पहिला चांदाडा येतो ना, तेच काम. त्याच्या सावलीत मग सावली सोसणारी रोपं येतात, ती हळू वाढतात, पण एकदा वर गेली की शंभर शंभर वर्षं उभी राहतात, आणि खाली ऊन पोचेनासं झालं की एंबाउबाची पिल्लं उगवायची थांबतात. म्हणजे पहिली पिढी स्वतःच स्वतःची जागा दुसऱ्यांना देते. तिजुकात फिरताना एंबाउबा जास्त दिसायला लागले तर समजायचं इथे अलीकडे काहीतरी झालंय, दरड आली असेल, मोठं झाड पडलं असेल, आग लागली असेल. आणि फांद्यांवर ब्रोमेलियाची झाडं, म्हणजे अननसाचे भाऊबंद, थर थर बसलेली असली, झाडावर झाड, त्यावर शेवाळ, तर ती जागा जुनी. ब्रोमेलियाच्या पानांच्या मधे वाटीसारखी जागा असते, तिथे पाणी साठतं, त्यात बेडूक राहतात. मी एकात वाकून बघितलं, पाणी होतं, बेडूक नव्हता.

आर्शेरनंतर आला बॅरन एस्क्राग्नोल, त्याने १८८८ पर्यंत काम बघितलं, आणि त्याच्यासोबत होता फ्रेंच उद्यानकार ग्लाझिऊ. यांनी जंगलात वाटा, पूल, तळी, गुहा, बसायच्या जागा केल्या, झाडंही लावली पण शोभेची, बाहेरदेशीची खूप. आज तुम्ही चालता त्या बऱ्याच वाटा तिथून सुरू होतात. मग मधे बराच काळ कोणी नीट बघितलं नाही. १९४३ पासून दोन-तीन वर्षं कास्त्रो माया नावाच्या उद्योगपतीने अगदी नावापुरता पगार घेऊन सगळं परत उभं केलं, आणि ६ जुलै १९६१ ला राष्ट्रीय उद्यान झालं.

आता फणस.

मी माझ्या ऑफिसमधल्या एका रिओच्याच बाईबरोबर गेले होते, तिचं लहानपण या डोंगराच्या पायथ्याशी गेलेलं. गेटमधून आत गेल्यावर थोड्याच वेळात वास आला. पिकून फुटलेल्या बरक्या फणसाचा. मी थांबलेच. मे महिन्यातलं आमचं परडं डोळ्यासमोर आलं, आणि बघते तर वाटेच्या कडेला खरोखर फणस पडलेला, गरे चिखलात, आणि भोवती सगळीकडे फणसाची रोपं, हरळी उगवावी तशी दाट. मला इतका आनंद झाला! तिला मोठ्या कौतुकाने सांगायला लागले की हे आमचं झाड, पश्चिम घाटातलं मूळ, आमच्याकडे आठळ्यांची भाजी करतात, पापड करतात, सांदणं करतात. ती ऐकत होती, मग म्हणाली की हो, आणि आमच्या जंगलाचा सगळ्यात मोठा उपद्रव हाच आहे.

ते ऐकून वाईट वाटलं, पण तिचं बरोबर आहे. फणस पोर्तुगीजांनी भारतातून ब्राझीलला नेला, सतराव्या शतकातच. त्यांचा शब्द 'जाका', तो मल्याळी 'चक्का'वरून. उलट दिशेने काजू आपल्याकडे आला, तो मूळचा ब्राझीलचा, नावही तिथल्या तुपी भाषेतलं, अननसाचंही तसंच. म्हणजे कोकणातली निम्मी बाग आणि गोव्याची फेणी तिकडची, आणि त्यांच्या जंगलातला फणस इकडचा. तिजुकात लागवडीच्या वेळीही फणस लावला गेला, भराभर वाढतो, सावली देतो, खायला मिळतं, कोणाला त्यात वाईट दिसणार? पण एका फणसात शंभर-शंभर, कधी त्याहून जास्त आठळ्या, त्या आतमधे अन्न साठवून बसलेल्या, त्यामुळे दाट सावलीतही रुजतात. फळ जड, उतारावर पडलं की गडगडत खाली जातं आणि नव्या जागी फुटतं. आमच्याकडे फणस असाच जंगल व्यापत नाही, कारण इथे त्याला खाणारे, पोखरणारे, त्याच्याशी भांडणारे सगळे हजारो वर्षं सोबतच वाढलेत आणि शिवाय आठळी जमिनीवर राहूच देत नाही आपण. तिकडे एकाच जागी फणसच फणस झाले की स्थानिक झाडांची रोपं येईनाशी होतात, आणि वीस प्रकारच्या झाडांच्या जागी एकच झाड उरतं. म्हणून उद्यानवाले फणस मारतात, छोटी रोपं उपटून, मोठ्या झाडांना साल सोलून नाहीतर खोडात औषध घालून. उभं वाळलेलं फणसाचं झाड बघायला मला जड गेलं हे खरं आहे. पण मी परकी रोपं आमच्या रानात बघून हळहळते, घाणेरी, रानमोडी, तर तिथे आमचं झाड रानमोडी झालंय हे मला मानायलाच हवं.

यातून एक गोष्ट नीट कळते. झाडं आली म्हणजे जंगल आलं असं नाही. आणि याचा दुसरा पुरावा तिथे आहे, प्राण्यांचा.

तिजुकाला शहराने चारी बाजूंनी वेढलंय. झाडं परत आली पण मोठे प्राणी कुठून येणार, रस्ते आणि वस्त्या ओलांडून? आणि जे होते त्यांची शिकार झालेली. असं जंगल वरून हिरवं दिसतं, सॅटेलाईटला तर फारच छान दिसतं, पण आत शांतता असते. शास्त्रज्ञ याला रिकामं जंगल म्हणतात. याने बिघडतं काय? उष्ण प्रदेशातल्या जंगलात बहुतेक झाडांची बी वारा नेत नाही, कोणीतरी खाऊन नेतं. बारीक बी असेल तर छोटे पक्षी नेतात. मोठी बी असेल तर मोठी चोच लागते, मोठं पोट लागतं. कोकणात हे काम धनेश करतो, तिकडे टूकान. मोठे प्राणी गेले की मोठ्या बियांची झाडं आईच्याच पायाखाली बी टाकत राहतात, तिथे ती किडते, रुजली तरी सावलीत मरते. ते झाड आज उभं आहे पण त्याला नातवंडं नाहीत. हे लगेच दिसत नाही कारण झाडं दोनशे वर्षं जगतात.

म्हणून तिथल्या विद्यापीठातल्या लोकांनी प्राणी परत आणायला घेतले. प्रकल्पाचं नाव रेफाउना. २०१० च्या सुमाराला आधी आणला अगुती, पोर्तुगीजमधे कुतिया. दिसायला शेपूट नसलेला मोठा घूस-ससा असा काहीतरी, तपकिरी, पाय बारीक. याची सवय अशी की मोठी बी सापडली की सगळी खात नाही, एकेक नेऊन लांब लांब पुरून ठेवतो, पुढच्या वाईट दिवसांसाठी. काही परत खणून खातो, काही विसरतो किंवा तो स्वतःच मरतो, आणि ती बी उगवते. म्हणजे रोज काम करणारा, पगार न घेणारा लागवडीचा माणूसच. मग २०१५ ला आणली गर्जना करणारी माकडं, बुजिओ, ती या डोंगरावर शंभर वर्षांहून जास्त काळ नव्हतीच. ही पानं आणि फळं खातात, बी पोटातून जाते, लांब कुठेतरी पडते, आणि शेणकिडे ती शेणासकट जमिनीत पुरतात. बघा साखळी किती लांब आहे, झाड, माकड, किडा, माती. त्यानंतर २०२० ला पिवळ्या पायांची कासवं सोडली, ती खाली पडलेली फळं खातात. १८६२ ला सुरू झालेलं काम अजून चालूच आहे हा त्याचा अर्थ.

मला अगुती दिसला! वाटेवर दहा-बारा पावलांवर, पुढच्या दोन पायात काहीतरी धरून कुरतडत होता, आम्ही थांबलो तर तोही थांबला, मग ते तोंडात धरून झुडपात गेला. माकडं दिसली नाहीत, आवाजही नाही. कोआटी मात्र भरपूर, लांब नाकाचे, शेपट्या वर करून टोळीने फिरतात, माणसांच्या पिशव्यांवर लक्ष असतं. त्यांना खायला देऊ नका, अगदी मुलांनी हट्ट केला तरी.

आज रिओचं बहुतेक पाणी लांबच्या ग्वांदू योजनेतून येतं, तिजुकाच्या झऱ्यांवर शहर चालत नाही. मग जंगलाचा काय उपयोग असं कोणी विचारतं. एक तर उतार धरून ठेवणं. १९६६, १९६७ ला आणि पुन्हा १९९६ ला रिओत भयंकर पाऊस होऊन दरडी कोसळल्या, माणसं गेली. जंगल असूनही दरडी येतात, खूपच पाऊस झाला तर मुळंही धरू शकत नाहीत, कारण खाली गुळगुळीत खडक आणि वर पातळ माती. पण उघड्या उतारावर तेच कितीतरी वारंवार होतं. दुसरं म्हणजे थंडावा. खालून घामाघूम होऊन वर आलात की गेटपाशीच फरक अंगाला कळतो.

जायचं कसं ते सांगते. उद्यानाचे वेगवेगळे भाग आहेत आणि लोकांचा गोंधळ होतो. पुतळा, म्हणजे कोर्कोवादो, हा एक भाग, त्याला तिकीट, रांग, आणि १८८४ पासून चालणारी छोटी ट्रेन. जंगल बघायचं असेल तर तिथे नाही, आल्तो दा बोआ विस्ता या भागातल्या गेटला जायचं, तिथे आत जायला पैसे नाहीत. मेट्रोने तिजुका वस्तीपर्यंत जाऊन पुढे बस मिळते, नाहीतर टॅक्सी. येताना मात्र आत मोबाईलला रेंज नीट मिळत नाही, ॲपवरून गाडी बोलवता येत नाही, तर परतीचं आधी ठरवून ठेवा. सकाळी लवकर जा, संध्याकाळी गेट बंद होतं. एकटे आडवाटेला जाऊ नका, काही पायवाटांवर लुटालुटीचे प्रकार झालेले आहेत, तिथल्या माणसांना विचारून आणि चारजणांसोबत जाणं बरं.

गेटपासून जवळच तौने धबधबा आहे, ३० मीटरच्या वर, १८१६ ला फ्रान्सहून आलेल्या तौने नावाच्या चित्रकाराचं घर त्याच्याजवळ होतं म्हणून ते नाव. वयस्कर माणसं सोबत असतील तर तेवढं बघून, पुढे मायरिंकच्या छोट्या गुलाबी चर्चपर्यंत जाऊन परत आलात तरी चालेल. पाय चांगले असतील तर शिखर करा. शेवटी उभ्या खडकात खोदलेल्या ११७ पायऱ्या आहेत, बाजूला साखळी, १९२० मधे बेल्जियमचा राजा येणार म्हणून खोदलेल्या. वरून एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला ग्वानाबाराची खाडी आणि मधे ते सगळं हिरवं. ढग असले तर काहीच दिसत नाही, जून ते ऑगस्टमधे आकाश जास्त मोकळं असतं. जळवा नाहीत, हे आमच्याकडच्या माणसाला आधी सांगावंसं वाटतं, पण डास आहेत, पूर्ण बाह्यांचं घाला.

आणि एक अगदी कामाचं. ब्राझीलहून भारतात परत येताना पीतज्वराच्या लसीचा दाखला लागतो, ते पिवळं कार्ड. नसेल तर सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवू शकतात. लस मान्यताप्राप्त केंद्रावरच घ्यायची आणि निघायच्या निदान १० दिवस आधी, कारण दाखला दहा दिवसांनी लागू होतो. मला आधी हे नुसतं कागदाचं काम वाटलं होतं, तिथे गेल्यावर कळलं की याच रोगाने बुजिओ माकडं झटपट मरतात, माणसांपेक्षाही आधी, इतकी की जंगलात माकडं मरायला लागली की तिथले आरोग्यवाले सावध होतात. २०१६ नंतर मोठी साथ आली तेव्हा तिजुकात आणखी माकडं सोडायचं काम थांबवावं लागलं होतं. मग तिथल्या लोकांनी माकडांनाच माणसांची लस देऊन बघितली, ती लागू पडली, आणि लस दिलेली माकडं जंगलात सोडायला लागले. तेव्हा लस घ्या, कार्ड पासपोर्टमधे ठेवा, आणि जमलं तर वर जाताना फणसाखाली थोडं थांबा.